पाण्याला दोन साक्षीदार

दस्तगीर, परवा दुपारी तुझ्या मशिदीतून दुसऱ्याच माणसाची बांग ऐकू आली आणि माझा हात आपसूक नगाऱ्याच्या टिपरीवर गेला. तीस वर्षं एकच आवाज ऐकलेले कान माझे. आवाज बदलला की त्यांना वाटतं, काहीतरी बिघडलं. मी टिपरी घेऊनच देवळाच्या बाहेर आलो, सावली पाहिली, ती पायाशी होती. म्हणजे वेळ बरोबर होती, दुपारच्या नमाजाचीच बांग होती. तू गेल्याला आठ दिवस झाले होते, पण हाताला ते अजून कुणी कळवलं नव्हतं.

नवा बांगी सिल्लोडचा आहे. चाळिशीचा, अंगानं दणकट, आवाज तुझ्यापेक्षा गोड. (रागावू नकोस, तुझा आवाज गोड नव्हताच, लांब जाणारा होता.) आज तो देवळाच्या पायरीशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गुरवजी, लोगां बोलते, यहाँ दो आवाजों का कायदा है. वो क्या है, जरा समझाव." मी म्हटलं, उद्या सांगतो. तो बिचारा सलाम करून गेला. त्याला सांगण्याआधी मला तुला काहीतरी सांगायचं आहे. वीस वर्षं सांगायचं राहिलं आहे, म्हणून हा कागद घेऊन बसलो.

माझी खोड तुला ठाऊक आहे. उर्दू शाळेत आपण एका पाटीवर अलिफ-बे गिरवलं, तेव्हापासून तू मला 'सवाल्या' म्हणायचास. मौलवीसाहेबांना मी विचारायचो, अलिफ उभाच का, बे आडवाच का. छडी मात्र शेजारी बसलेल्या तुला बसायची. पुढं तू बापाच्या जागी बांगी झालास, मी बापाच्या जागी महादेवाचा गुरव झालो. तुझी मशीद गल्लीच्या एका टोकाला, माझं देऊळ दुसऱ्या टोकाला, मध्ये उतारावर खामनदीपर्यंत परीट, कुंभार, विणकर. दिवसातून पाच वेळा तू आणि दोन वेळा मी, असे आपण त्या उताराला जागते ठेवायचो.

माझ्या बापानं मरताना मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. नगाऱ्याला उंदरापासून जप, ही एक. आणि दुसरी, "अवेळी बांग झाली तर नगारा वाजव. काय झालं म्हून इचारत बसू नको." संकट आलं की अवेळी बांग द्यायची, ही तुमच्याकडची जुनी रीत. प्लेगात तुझ्या बापानं छपरावर उभं राहून दिलेली बांग मला अजून आठवते. ती ऐकून आमची आळीही घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेली होती. तुमच्यासाठी ती दुवा होती, आमच्यासाठी दवंडी. काम एकच. पण 'इचारत बसू नको' हे माझ्या पिंडाला कसं मानवणार?

आता तुला ती रमजानची गोष्ट आठवून देतो. आठवून काय द्यायची म्हणा, मोहल्ल्यानं तुला ती कधी विसरूच दिली नाही.

भर पावसाळ्यातला रमजान. दिवसभर आभाळ इतकं भरलेलं, की घरात दिवा लावावा. तू अंधारालाच सांज समजलास आणि बांग दिलीस. मी देवळात वाती वळत होतो. म्हटलं, अजून गुरं घरी आली नाहीत, ही कसली बांग? म्हणजे अवेळची! म्हणजे पूर! बापाचा शब्द आठवला आणि मी नगाऱ्यावर तुटून पडलो. उतारावरची सगळी आळी गाठोडी, कोंबड्या, पोरं घेऊन टेकाडाकडं पळाली. तुमच्याकडचे लोक खजूर तोंडात टाकून बसले होते, त्यांनी आमचे लोक पळताना पाहिले आणि तेही उठले. टेकाडावर सगळे धापा टाकत जमतात न जमतात, तोच पश्चिमेला ढग फाटला आणि खाली सूर्य दिसला. चांगला कासराभर वर! खतिजाखालाच्या तोंडात अर्धा खजूर होता. तो थुंकून ती केवढ्यानं ओरडली, "मेरा रोजा खा गया रे दस्तगीर तू!"

सगळे हसत होते, पण तुझा चेहरा पडलेला होता. ज्यांनी ज्यांनी घास घेतला त्यांना तो रोजा पुन्हा ठेवायचा होता. मग ईद झाल्यावर तू बरेच दिवस उपाशी राहू लागलास. मौलवीसाहेब म्हणाले, दुसऱ्याचा रोजा आपल्याला ठेवता येत नसतो. तू म्हणालास, "रोजा नै रख सकता, भूका तो रह सकता?" मला तेव्हा तुझी गंमत वाटली होती. आज वाटतं, मी तिथंच तुला नीट ओळखायला हवं होतं.

त्यानंतर चिंचेखाली बैठक बसली आणि आपलं भांडण झालं. कायदा माझ्या डोक्यातून निघाला. मी म्हटलं, बांग झाली तर सावध व्हायचं, गाठोडं बांधायचं, पण निघायचं नाही. मी स्वतः खात्री करून नगारा वाजवीन, दोन्ही आवाज झाले की मगच निघायचं. एकाची चूक दुसऱ्यानं पकडली, तर त्यात वाईट काय? पाय मुरगळलेले, रोजे बुडालेले लोक माना हलवू लागले. तू मात्र उठून उभा राहिलास. "कैसी बात करता रे गुरवा? पानी को दो गवाहाँ लगते क्या? पानी क्या कचेरी में खडा रहता?" मी वकिलासारखा उलट बोललो, "एका साक्षीवर फाशी देत नाहीत मियाँ." सगळे हसले, मी जिंकलो. तू चपला घालून निघून गेलास आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

तरी त्याच बैठकीत तुझी एक गोष्ट सगळ्यांनी उचलून धरली. तुमच्याकडं दर जुम्मेरातला, म्हणजे गुरुवारी, घरटी मूठभर ज्वारी संकटासाठी बाजूला काढायचे, आमच्याकडं दर सोमवारी. तू म्हणालास, आमची मूठ देवळात ठेवा, तुमची मूठ मशिदीत. मी विचारलं, का रे? म्हणालास, आपल्या ठेवीला माणूस गरज पडली की हात घालतो, परक्याच्या ठेवीला घालत नाही. तेव्हापासून माझ्या ओवरीत तुमची कणगी उभी राहिली. तिच्यातला दाणा सांडला तरी मला चोरी केल्यासारखं व्हायचं. हे शहाणपण तुला कुठून सुचलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी आठ दिवस झड लागली आणि नवव्या दिवशी लख्ख ऊन पडलं. सकाळची पूजा आटोपून मी पायरीवर पाय पसरून बसलो होतो. साधारण दहाचा सुमार. त्या वेळी कुठलीच बांग नसते. आणि तुझी बांग झाली.

आता जे लिहितो ते वीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. मी हसलो, दस्तगीर. आभाळ निळं, ऊन अंगावर, आणि मनात म्हटलं, मियाँ पुन्हा घसरला. काय बरं झालं असेल याला, झोपेत होता की काय, असा विचार करत मी पानाचा डबा पुढं ओढला. चुना लावला, कात लावला, सुपारी कातरली. विडा तोंडात टाकून चावला. तेवढ्यात तू दुसऱ्यांदा बांग दिलीस आणि तुझा आवाज मध्येच चिरकला. तेव्हा मी उठून उताराच्या कडेला आलो. खाली तांबडं पाणी कुंभारांच्या भट्ट्यांत शिरत होतं. पाऊस इथं नव्हताच, वरच्या डोंगरात कोसळला होता. मी धावलो, नगारा बडवला. लोक गाठोडी बांधून उभेच होते, ते पळत सुटले. ज्यांना पळता आलं ते सगळे वाचले.

भागीरथी वाचली नाही. सखाराम परटाची बायको. माझं धोतर आणि तुझा कुर्ता एकाच भट्टीत घालणारी. "तुमी दोगं दोन टोकाला वरडा, मदी आमचा संसार वाळत घातल्याला," असं म्हणून आपली थट्टा करणारी. तुझी बांग ऐकून तिनं गाठोडं बांधलं होतं. शेजारची अमीना तिला हाताला धरून ओढत होती. ती म्हणाली, "नगारा कुटं झाला अजून? दोन झाल्याबिगर निगायचं नाय, गुरवांनीच सांगितलंय." आणि तेवढ्या वेळात लोकांचे कपडे तरी गोळा करावेत म्हणून ती पुन्हा घाटाच्या दगडांवर उतरली. अमीनानं हे सगळ्यांना जसंच्या तसं सांगितलं. मी ऐकत उभा होतो. तोंडात विडा तसाच होता.

पुढचे तीन दिवस विचार करायला उसंत नव्हती. दोन्ही कणग्या फोडल्या. तुमचं धान्य माझ्याकडं आणि आमचं तुझ्याकडं, त्यामुळं तुमची माणसं जेवायला देवळाच्या ओवरीत आणि आमची मशिदीच्या अंगणात. चुली दोन ठेवल्या, सोवळ्याचं ज्यानं त्यानं पाहिलं, पण पाय तर एकमेकांच्या दारात लागलेच. विहिरी घाण झाल्या होत्या. जैनांच्या स्थानकातल्या बायका तर एरवीही पाणी उकळूनच पितात, त्यांचा धर्मच तो. त्यांनी आपले मोठाले हंडे बाहेर काढले आणि सगळ्या उताराला तेच पाणी पाजलं. त्या साली पलीकडच्या वस्तीत पटकी झाली, आपल्या गल्लीत एकाला झाली नाही. तू आणि मी त्यावर किती डोकं खाजवलं होतं! तू म्हणालास, "उनका सवाब हमारे पेट में गया." मी म्हटलं, सवाब की सरपण? त्यांचं पुण्य की चुलीतलं लाकूड, अजूनही मला ते कळलेलं नाही.

मग पुन्हा चिंचेखाली बैठक. कुणीतरी विचारलंच, नगारा एवढा उशिरा का? मी म्हटलं, "हवा ओलसर होती, कातडं सैल पडून बसलं होतं. शेकत बसलो." नगारा ओल्या हवेत बसतो, हे सगळ्यांना ठाऊक. तरी दोघातिघांनी एकमेकांकडं पाहिलं. आणि तेवढ्यात तू उठलास. "गलती मेरी है. पिछली बार शर्मिंदा हुआ था, इसलिए मैं दो बार देखने गया. बांगच देर से दी." सगळ्या नजरा माझ्यावरून तुझ्यावर गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? मी मान खाली घातली आणि गप्प बसलो.

तेव्हापासून दर वर्षी तू भागीरथीच्या नावानं फातिहा द्यायचास आणि शिऱ्याचं ताट सखारामकडं न्यायचास. मला वाटायचं, बिचारा दस्तगीर नसलेल्या अपराधाचं ओझं वाहतो आहे. एक शब्द बोलून ते उतरवता आलं असतं. वीस वेळा ते ताट माझ्या देवळावरून गेलं. वीस वेळा मी उठून काहीतरी काम काढलं.

तुला पाणी येणार हे कळायचं कसं, हे मी तुला किती वर्षं विचारत होतो! तू कधी म्हणायचास गुडघा दुखतो, कधी म्हणायचास मिनारावरचं कबूतर सांगतं. गेल्या महिन्यात, आजारात, तू मला म्हणालास, मुझे हौज पे ले चल. मी तुला धरून मशिदीच्या हौदावर नेलं, तुझे पाय धुतले. तू तिसऱ्या पायरीकडं बोट दाखवलंस. पाण्याखाली चिनी मातीच्या बशीचा एक पांढरा तुकडा फटीत बसवलेला. "वो कपची दिखती?" मी म्हटलं, दिसते. तू म्हणालास, या हौदातलं पाणी नहरीनं, जमिनीखालच्या नळानं, वरच्या डोंगरातून येतं. तिकडं मोठा पाऊस झाला, की नदीच्या आधी हौद गढूळतो आणि कपची दिसेनाशी होते. नमाजाला हातपाय धुवायला दिवसातून पाच वेळा इथं बसावंच लागतं, मग पाच वेळा नजर जाते. एवढंच.

एवढंच! आणि मी तीस वर्षं कबुतरांकडं पाहत होतो. मला हसू आलं. तूही हसलास, खोकलास आणि माझ्याकडं बघत राहिलास. "और कुछ पूछना है, सवाल्या?" मी म्हटलं, नाही. जन्मात पहिल्यांदा मी 'नाही' म्हटलं असेल, आणि तेही खोटं.

तर ते हे होतं, दस्तगीर. नगारा बसलेला नव्हता. मी बसलेला होतो.

इथवर काल रात्री लिहिलं. वाटलं होतं, कागद झाला की मन हलकं होईल. नाही झालं. तू तर ऐकणार नाहीस, मग सांगितलं कुणाला? सकाळी उठलो आणि सखारामकडं गेलो. तो आता फार थकला आहे, भट्टी पोरगा बघतो. उन्हात घोंगडीवर बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पानाच्या डब्यासकट.

तो म्हणाला, "ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"त्या दिशी म्या छावणीतनं कापडं पोचवून येत व्हतो. डोसक्यावर ऊन मावत नव्हतं. असल्या उन्हात नगारा बसल कसा, गुरव?"

तो पुढं म्हणाला, "दस्तगीरलाबी ठावं व्हतं. त्यो दोनदा बगायला गेलाच नाय. एकदा बगितलं आन् पळत वर गेला. त्यानंच सांगितलं मला, बैठकीच्या दुसऱ्या दिशी."

"मग तो तसं का म्हणाला?"

"म्याबी हेच इचारलं. तर म्हणला, गुरवाला लोकांनी पकडलं तर त्यो पुन्ना टिपरी हातात धरायचा नाय. मग हितल्या लोकांनी कुनाच्या आवाजावर पळायचं? माजा एक आवाज तर खोटा पडलाच हाय, दुसरा तरी खरा राहू द्या."

मी खाली बसलो. सखाराम म्हणाला, "खरं सांगू? पैल्या वर्साला तुमचं त्वांड बगू वाटत नव्हतं. लई वंगाळ वाटायचं. शिरा घिऊन त्यो यायचा, तवा मी म्हनायचो, त्या गुरवाला पाठीव. त्यो म्हनायचा, यील. त्याच्या पायानं यील." मग त्यानं घोंगडीची कड माझ्याकडं सरकवली. "लई उशीर केला, गुरव. पर आलात."

दस्तगीर, मला तुझा राग आला. वीस वर्षं मला वाटलं, तू माझं खोटं खरं मानून चालला आहेस, आणि तू तर माझं खोटं हातावर घेऊन जपत होतास! ताट घेऊन माझ्याच देवळावरून का जायचास? सखारामचं घर तर तुला खालच्या वाटेनं जवळ होतं. हे मला आज परत येताना रस्त्यात उमगलं. तू दर वर्षी मला विचारत होतास आणि मी सवाल्या असून मला सवाल ओळखता आला नाही. माझ्यावर एवढा भरवसा कशाच्या जोरावर ठेवलास? आणि मी आलोच नसतो तर? ही उत्तरं आता कुणाकडं मागू?

दुपारी चिंचेखाली सगळ्यांना बोलावलं. सखारामलाही हाताला धरून आणलं. झालं ते पहिल्यापासून सांगितलं. काही जणांनी माना फिरवल्या. अमीना तर उठूनच गेली, आणि तिचं बरोबर आहे. मग मी म्हटलं, दोन आवाजांचा कायदा माझा होता, तो मी मोडतो. बांग झाली की निघायचं. नगारा झाला तरी निघायचं. जो आधी ऐकू येईल त्याच्यावर. चुकून टेकाडावर गेलो तर फार तर एखादा रोजा पुन्हा ठेवावा लागेल.

नव्या बांगीला मी हौदावर घेऊन गेलो आणि तिसरी पायरी दाखवली. त्यानं वाकून पाहिलं आणि विचारलं, "ये किसने लगाया?" मी म्हटलं, होता एक, त्याचा आवाज गोड नव्हता.

त्याला अजून सवय नाही, म्हणून आज उरलेल्या तिन्ही वेळा मीच जाऊन पाहिलं, रात्री कंदील धरून. दस्तगीर, कपची दिसते आहे.